एक मॅच आणि अख्खी टीम!

स्वतःच्या नावावर फर्स्ट क्लासची एकच मॅच. पण या मालवणी माणसाच्या हाताखालून जे बाहेर पडले, त्यांची यादी वाचताना दम लागतो!

मालवण म्हटलं की काय आठवतं? तारकर्लीचा बीच, सिंधुदुर्ग किल्ला, सुरमईची थाळी आणि वर गारेगार सोलकढी. पुढच्या वीकएंडला निघण्याआधी या लिस्टमध्ये एक नाव अॅड करा : रमाकांत आचरेकर. जन्म ३ डिसेंबर १९३२, मालवण.

पुढची गोष्ट मात्र कुठल्याही चाकरमान्यासारखी मुंबईत घडली. १९४५ मध्ये न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळायला सुरुवात. मग यंग महाराष्ट्र इलेव्हन, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट आणि स्टेट बँक. बँकेच्याच टीमकडून १९६३-६४ च्या मोईन-उद-दौला स्पर्धेत हैदराबादविरुद्ध फर्स्ट क्लास मॅच मिळाली. पहिली आणि शेवटची! खेळाडू म्हणून सीव्ही तिथेच संपला.

आपल्यापैकी बरेच जण अशा वळणावर 'आपलं नशीबच खोटं' म्हणून गप्प बसतात. सर शिवाजी पार्कवर कोच म्हणून उभे राहिले.

नेट कमी, मॅच जास्त

सरांचा फंडा एकदम क्लिअर होता. नेटमध्ये कितीही घाम गाळा, शिकायचं ते मॅचमध्येच. १९८४ मध्ये अजित तेंडुलकर आपल्या ११ वर्षांच्या भावाला घेऊन आला. सर समोर उभे, त्यामुळे पोरगं बावरलं. अजितने विनंती केली, जरा लांबून बघा. सरांनी लांबून बघितलं आणि सचिनला घेतलं. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून सचिन वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये आला. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. दमलेल्या सचिनसाठी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. आऊट करणाऱ्याला नाणं, नॉट आऊट राहिला तर सचिनला. अशी १३ नाणी सचिनने जपून ठेवली आहेत.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४! शारदाश्रमची ही दोन्ही पोरं सरांचीच.

शाबासकी? विसरा!

सराव मॅच बुडवून दुसऱ्यांची मॅच बघायला गेलेल्या सचिनला सरांची थप्पड बसली होती. तू असा खेळ की लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील, हा त्यामागचा धडा. किस्सा सचिननेच अनेकदा सांगितलाय. आज एखाद्या बॉसने असं केलं तर एचआर दारात उभं राहील, आणि राहायलाच हवं. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिन म्हणाला, २९ वर्षांत सर एकदाही 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत. आता करिअर संपलंय, तेव्हा म्हणायला हरकत नाही, अशी गोड तक्रारही त्याने केली. अप्रेझलमध्ये 'गुड'वर नाराज होणाऱ्या आपल्या पिढीला हे झेपणार नाही. पण डोक्यात हवा जाऊ नये, हा हेतू मात्र कळतो.

कोचचे कोच

बलविंदर संधू, प्रवीण अमरे, अजित आगरकर, संजय बांगर, रमेश पोवार... सगळे सरांचेच. त्यातले कितीतरी पुढे स्वतः कोच झाले. चंद्रकांत पंडितने विदर्भाला सलग दोनदा (२०१७-१८, २०१८-१९) आणि २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशला रणजी करंडक मिळवून दिला. लालचंद राजपूत २००७ च्या ट्वेन्टी-२० वर्ल्ड कपवेळी टीमचा मॅनेजर होता. सरांचं खरं प्रमोशन हेच!

१९९० मध्ये द्रोणाचार्य, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ ला सर गेले. ३ डिसेंबर २०२४ ला, त्यांच्या वाढदिवशी, शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचं अनावरण सचिनच्या हस्ते झालं. मॅच एकच मिळाली म्हणून सरांनी मैदान सोडलं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ!