कार्ड खिशात, चोर सातासमुद्रापार

आमच्या बोरगावात किराणा दुकानदाराकडे उधारीची वही अजूनही दृष्टीस पडते. तीत गिऱ्हाइकाचे नाव, तेल-गुळाचा हिशेब आणि संत्र्याचा बहार विकल्यावर फेडावयाची रक्कम लिहिलेली असते. ती वही कोणी पळवलीच, तर फार तर दुकानदाराची वसुली बुडेल. गिऱ्हाइकाच्या घरातील पैसा चोराच्या हाती लागणार नाही. परंतु ज्या दुकानांना दारच नाही आणि ज्यांची वही कोणत्या गावी आहे हे आपणांस ठाऊक नसते, त्यांच्या बाबतीत हा न्याय उलटा झाला आहे. वही चोरीस जाते दुकानदाराची आणि भुर्दंड पडू पाहतो गिऱ्हाइकावर.

हा प्रकार आजकालचा नव्हे. अमेरिकेतील 'सीडी युनिव्हर्स' हे दुकान संगीताच्या तबकड्या इंटरनेटवरून विकत असे. 'मॅक्सस' असे टोपणनाव घेतलेल्या एका इसमाने त्याच्या ग्राहकांच्या सुमारे ३ लाख क्रेडिट कार्डांचे क्रमांक आपल्या हाती असल्याचा दावा केला आणि १ लाख डॉलरांची खंडणी मागितली. ती मिळेना तेव्हा त्याने हजारो क्रमांक इंटरनेटवर उघडे केले. जानेवारी २००० मध्ये ही वार्ता जगभर पसरली. त्या हजारो लोकांपैकी एकाचेही कार्ड हरवलेले नव्हते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

या धंद्यात श्रमविभागणी आहे. क्रमांक चोरणारा निराळा, ते घाऊक विकणारा निराळा आणि विकत घेऊन वापरणारा आणखी निराळा. वापरणारा प्रथम एखादी क्षुल्लक रक्कम खर्चून पाहतो. कार्ड चालू आहे अशी खात्री पटली, की मग मोठा हात मारतो. आपल्या देशात रिझर्व्ह बँकेने २००९ पासून अशा खरेदीस दुसरे कुलूप लावविले. आज आपण ज्याला ओटीपी म्हणतो तो त्याचाच प्रकार. परंतु परदेशातील अनेक दुकाने हे दुसरे कुलूप मागतच नाहीत. तेथे कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत आणि पाठीमागचे तीन आकडे एवढ्यावर माल मिळतो.

आपल्याकडील वह्याही सुरक्षित राहिल्या नाहीत. किराणा घरपोच देणाऱ्या बंगळूरच्या 'बिगबास्केट'च्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती चोरबाजारात विक्रीस आल्याचे नोव्हेंबर २०२० मध्ये उघडकीस आले. कार्डांची माहिती आपण ठेवतच नाही, असे कंपनीने सांगितले. तथापि नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि जन्मतारखा त्यात होत्या. आमच्या मते अशी माहिती कार्डाच्या क्रमांकाइतकीच घातक ठरू शकते. कारण नाव-पत्ता बिनचूक सांगून कोणी फोनवर गोड बोलू लागला, तर ओटीपी विचारणाऱ्यावर विश्वास बसण्यास वेळ लागत नाही.

आपल्या मराठी मुलखात तर एका जुन्या बँकेलाच या संकटाने गाठले. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला. चोरांनी पैसे काढण्याच्या मागण्यांना होकार देणारी बनावट यंत्रणा मधेच उभी केली आणि नकली कार्डांच्या साह्याने २८ देशांतील यंत्रांतून पैसे उपसले. हाँगकाँगला वळविलेली रक्कम धरून एकूण फटका ९४ कोटींच्या वर गेला. बँकेने मात्र झाले ते झाकून ठेवले नाही. तिने पोलिसांत फिर्याद दिली, तपास झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

बँक जे करते ते आपला गृहस्थ करीत नाही, असा आमचा अनुभव आहे. आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. मुलगा नागपुरास नोकरीला. त्याने वडिलांना क्रेडिट कार्ड काढून दिले आणि त्यावर कधी औषधे, कधी नातवाची खेळणी मागविली जात. एके रात्री परकीय चलनातील लहानशी रक्कम खर्ची पडल्याचा संदेश आला. मुलाने काही मागविले असेल, असे समजून ते झोपले. दुसऱ्या रात्री ३८ हजार गेले. त्यांनी कोणासही ओटीपी दिला नव्हता, कारण तो आलाच नव्हता. तरीही आपल्याच हातून काही चुकले असावे, या समजुतीने ते गप्प राहिले. आमच्याकडे आले तेव्हा तिसरा आठवडा लागला होता, आणि पहिले वाक्य होते, "गुरुजी, पोराले सांगू नका."

या गप्प राहण्याची किंमत नियमात मोजलेली आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामाच्या ३ दिवसांत बँकेस कळविले, तर ग्राहकावर काहीही बोजा येत नाही. ४ ते ७ दिवस लागले तर मर्यादित बोजा येतो. त्याहून उशीर झाल्यास बँकेचे धोरण काय सांगेल ते खरे. वादग्रस्त रक्कम कळविल्यापासून कामाच्या १० दिवसांत तात्पुरती खात्यावर जमा करावी, आणि चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहावा, असेही त्यात आहे. ओटीपी स्वतः सांगून टाकला असेल, तर मात्र कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. म्हणून तेथे तर तासाचाही विलंब महागात पडतो.

१ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशातील दुकानांना कार्डाचा क्रमांक स्वतःजवळ ठेवण्यास मनाई झाली. त्याऐवजी त्या एका दुकानापुरता चालणारा सांकेतिक आकडा ठेवला जातो. त्याला सारे 'टोकन' म्हणतात. मराठी प्रतिशब्द रुळण्याची चिन्हे आम्हांस तरी दिसत नाहीत. असा आकडा चोरीस गेला तरी दुसऱ्या दुकानात त्याचा उपयोग नाही. परदेशी दुकानांच्या वह्या मात्र या नियमाबाहेरच आहेत.

त्या गृहस्थांना घेऊन आम्ही प्रथम बँकेत गेलो. तेथे लेखी तक्रार देऊन पोच घेतली आणि कार्ड बंद करविले. मग १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन लावला. मुलालाही त्याच संध्याकाळी, त्यांच्या देखतच, आम्ही कळविले. तो रागावला नाही. नवे कार्ड आल्यावर त्याचा परदेशातील वापर त्याने आपल्या हाताने बंद करून दिला; २०२० पासून ही सोय प्रत्येक कार्डधारकास आहे. ३८ हजारांचा अर्ज अद्याप बँकेच्या विचाराधीन आहे.