आपल्या बाजूचा नगररचनाकार

हरकतींवरच्या सुनावणीबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मधेच सांगली जिल्ह्यातून एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमेना. त्यांच्या नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा नुकताच प्रसिद्ध झाला आहे. ते लिहितात, हरकत कुठे आणि कशी द्यायची ते कळलं, पण नकाशाच उमजत नसेल तर ती लिहायची कोणी? गल्लीतल्या इंजिनिअरनं त्यांना वकिलाकडे पाठवलं. वकील म्हणाले, आधी आराखडा मंजूर होऊ द्या, मग कोर्टात बघू.

हा सल्ला मी बऱ्याच गावांत ऐकला आहे आणि त्यापायी लोकांचं झालेलं नुकसानही पाहिलं आहे. शासनाची मंजुरी मिळाल्यावर आराखड्यात बदल करायचा म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव. पुन्हा सभेचा ठराव, पुन्हा नोटीस, पुन्हा हरकती, पुन्हा मंत्रालय. न्यायालय बघतं ते प्रक्रिया नीट पाळली की नाही. रस्ता इथून न्यावा की नाल्याच्या कडेनं, हे ठरवायला ते सहसा बसत नाही. त्यावर बोलायची खरी संधी हरकतींच्या मुदतीत आणि पाठोपाठच्या सुनावणीत असते, आणि तिथे वकिलाच्या आधी नगररचनाकार लागतो.

का लागतो, ते एका तालुक्याच्या गावात मी जवळून पाहिलं. नगरपरिषदेच्या सभागृहात प्रारूप नकाशा भिंतीला लावला होता आणि त्यापुढे गर्दी. नकाशावर गल्ल्यांची नावं नसतात, सर्व्हे नंबर असतात. शेतकऱ्यांना आपला गट नंबर तोंडपाठ, त्यामुळे ते दोन मिनिटांत आपल्या जमिनीवर बोट ठेवत होते. गावातली घरमालक मंडळी मात्र मारुतीचं देऊळ शोधत होती, आणि देऊळ त्या नकाशावर नव्हतंच. गावाच्या पूर्वेच्या एका वस्तीवरून तांबडी रेघ गेली होती, १८ मीटर रुंदीचा रस्ता. त्यात घरांची एक अख्खी ओळ आणि सार्वजनिक विहीर जात होती.

वस्तीनं एकच मजकूर झेरॉक्स करून घरोघर सह्या घेतल्या. आम्ही पिढ्यानपिढ्या इथे राहतो, आमच्यावर अन्याय झाला आहे, रस्ता रद्द करावा. त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. पण रस्ता आखणाऱ्यानं तो राज्य महामार्ग आणि बाजार समितीचं आवार जोडायला आखला होता, आणि ती गरजही खरीच होती. ‘रद्द करा’ एवढंच म्हटलं की हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीपुढे दोनच वाटा उरतात, वस्ती किंवा रस्ता. अशा वेळी रस्ताच जिंकतो.

नगररचना खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्या गावात राहत. वस्तीतल्या पोरांनी त्यांना गाठलं. त्यांनी आधी विद्यमान भू-वापर नकाशा मागवला. आराखडा आखण्यापूर्वी जमिनीचा आजचा वापर नोंदवायचा असतो, कलम २५ तेच सांगतं. त्या नकाशावर ही वस्ती मोकळी जागा म्हणून दाखवली होती! म्हणजे आखणाऱ्याच्या लेखी तिथे घरंच नव्हती. मग मिळकत पत्रिका, जुनी वीजबिलं, विहिरीचा फोटो असं सगळं सर्व्हे नंबरनिहाय लावून झालं. त्यानंतर ते गृहस्थ पोरांना घेऊन त्या तांबड्या रेघेवरून टोकापर्यंत चालत गेले. पलीकडच्या टोकाला रस्ता जुन्या ९ मीटरच्या रस्त्याला मिळत होता आणि तिथे दोन्ही बाजूंना पक्क्या इमारती होत्या. १८ मीटरची वाहतूक ९ मीटरमध्ये कशी मावणार, हा प्रश्न त्या वस्तीतल्या कुणालाही सुचला नव्हता, कारण सगळ्यांचं लक्ष आपल्या दारावर होतं. शेवटी त्यांनी नाल्याकाठची पर्यायी आखणी भाग नकाशावर काढली, ती कोणकोणत्या सर्व्हे नंबरांतून जाते याची यादी जोडली, आणि त्यातली बहुतेक जमीन सरकारी आहे हे सात-बारा लावून दाखवलं. आपली घरं वाचवताना दुसऱ्या कुणाच्या घरावरून रेघ जात नाही ना, हेही त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं. समितीनं आखणी बदलायची शिफारस केली.

आपल्या कायद्यात नियोजन समितीवर स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचनेचे जाणकार असे आणखी जास्तीत जास्त चार जण. ते मीटर, लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि पर्याय या हिशेबात विचार करतात. लोकांच्या दुःखाला तिथे किंमत नाही असं मुळीच नाही, पण त्या दुःखाशेजारी एक आखणी ठेवली की समितीला काहीतरी करता येतं.

मुंबईनं हे मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचं प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं आणि त्यातल्या चुका रोज बाहेर येऊ लागल्या. वारसा वास्तूंच्या नोंदी गायब, उभ्या इमारतींवरून रस्ते. कोळीवाड्यांच्या आणि गावठाणांच्या हद्दींचा प्रश्न तर आधीपासूनच धुमसत होता. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते प्रारूप नव्यानं करायला सांगितलं, सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं आणि मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. लोक चिडले होते म्हणून हे घडलं, असं सांगितलं जातं. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. वॉर्डावॉर्डात रहिवाशांच्या शेजारी बसून नकाशाचे तुकडे जमिनीशी ताडून पाहणारे वास्तुरचनाकार, नियोजनकार आणि हमारा शहर विकास नियोजन अभियानासारखे मंच होते. चुका सर्व्हे नंबरासह समोर आल्या, म्हणून त्या झटकता आल्या नाहीत.

लोकांचा स्वतःचा नगररचनाकार असावा हा विचार साठ वर्षं जुना आहे. अमेरिकेत पॉल डेव्हिडॉफ यांनी कायदा आणि नगररचना या दोन्हींचं शिक्षण घेतलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी एका लेखात मांडलं, की शहराचा आराखडा महापालिकेनं एकटीनंच का करावा? प्रत्येक समूहानं आपल्या बाजूचा नियोजनकार नेमावा, आपला आराखडा मांडावा आणि मग खुली चर्चा व्हावी. हे केवळ कागदावर नव्हतं. न्यूयॉर्कच्या कूपर स्क्वेअर भागात १९५९ मध्ये शहराचे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांची जुनी वस्ती पाडायची योजना आली, तेव्हा रहिवाशांनी समिती केली आणि वॉल्टर थॅबिट नावाच्या नगररचनाकाराला सोबत घेतलं. १९६१ मध्ये त्यांनी पर्यायी आराखडाच पुढे ठेवला. त्याचं मूळ सूत्र असं, की नव्या घरांचा लाभ आधी तिथे राहणाऱ्यांना मिळाला पाहिजे. शहरानं तो फेरफारांसह स्वीकारला १९७० मध्ये. इतकी वर्षं ती समिती टिकून राहिली, हे मला त्या आराखड्याइतकंच मोलाचं वाटतं.

इंग्लंडनं याची व्यवस्थाच लावली. तिथे १९७३ पासून ‘प्लॅनिंग एड’ आहे. ज्यांना फी परवडत नाही अशा वस्त्यांना आणि माणसांना व्यावसायिक नगररचनाकार स्वयंसेवक म्हणून विनामूल्य सल्ला देतात. २०११ च्या कायद्यानं तर परिसरालाच आपला आराखडा करून त्यावर मतदान घ्यायचा अधिकार दिला. कंब्रियातल्या अप्पर ईडन या ग्रामीण भागानं मार्च २०१३ मध्ये देशातलं असं पहिलं मतदान घेतलं आणि दहातल्या नऊहून जास्त जणांनी होकार दिला.

इतक्या लांब कशाला, गोव्याकडे बघा. २००६ चा प्रादेशिक आराखडा गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर २००७ च्या सुरुवातीला मागे घ्यावा लागला. त्यानंतर नव्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि नगररचनाकार एडगर रिबेरो यांच्यासारखी माणसं होती. २००८ मध्ये प्रारूप थेट ग्रामपंचायतींकडे गेलं. खाजन जमीन कुठे, झरी कुठे, डोंगराचा उतार कुठून सुरू होतो, ही माहिती गावाकडे होती आणि ती नकाशावर उतरवायचं कसब तज्ज्ञांकडे. दोघं एका टेबलाशी बसले. २०१२ मध्ये तो आराखडा स्थगित झाला, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते. तरीही अनेक गोवेकरांना त्या काळात आपल्या गावाचा नकाशा वाचता येऊ लागला, तो अजून येतो.

आपल्याकडे अडतं कुठे? एक तर माणसंच कमी. नीती आयोगानं २०२१ मध्ये अहवाल काढला. राज्यांच्या नगररचना खात्यांत १२,००० हून अधिक नगररचनाकारांची पदं हवीत, मंजूर होती ४,००० पेक्षा कमी, आणि त्यातलीही जवळपास निम्मी रिकामी. सरकारलाच माणसं मिळत नाहीत तिथे वस्तीला कुठून मिळणार? दुसरं असं, की गरिबाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ चा कायदाच आहे तसा. सरकारी खर्चानं नगररचनाकार मात्र कुणालाच मिळत नाही. आराखडा करणाऱ्या सल्लागार कंपनीला नगरपरिषद पैसे देते. त्या खर्चाचा लहानसा वाटा हरकतींच्या काळात नागरिकांच्या बाजूनं बसणाऱ्या स्वतंत्र नगररचनाकारासाठी राखून ठेवावा, अशी माझी जुनी मागणी आहे. त्यानं हरकती वाढणार नाहीत, उलट एकाच मजकुराचे गठ्ठे कमी होतील.

तोवर काय करायचं? जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी नगररचना खात्यातून निवृत्त झालेली माणसं राहतात, त्यांना शोधा. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स या १९५१ पासूनच्या संस्थेच्या शाखा आपल्या राज्यात आहेत. पुण्याच्या सीओईपीसारख्या नियोजन शिकवणाऱ्या संस्थांना एकदा पत्र टाकून बघा, विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी खरं गाव हवंच असतं. वास्तुरचनाकाराची नोंदणी १९७२ च्या कायद्यानं होते, नगररचनाकारासाठी तसा कायदा नाही. म्हणून शिक्षण विचारा, आधी कोणत्या आराखड्यावर काम केलं ते विचारा, आणि याच आराखड्याच्या हद्दीत कुणा बिल्डरचं किंवा जमीनमालकाचं काम त्यांच्याकडे आहे का, हे स्पष्ट विचारा. सरळ माणूस या प्रश्नानं दुखावत नाही. फी गल्लीनं वर्गणी काढून द्यावी आणि कामाचं स्वरूप कागदावर लिहून घ्यावं.

त्यांच्याकडे जाताना सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, असेल तर मोजणी नकाशा, आणि प्रारूपाचा भाग नकाशा न्या. यांच्या प्रती फी भरून मिळतात. आणि नकाशासोबतचा अहवाल मागायला विसरू नका. तो फारसं कुणी वाचत नाही. गावाची लोकसंख्या पुढे किती होईल, शाळा, मैदानं, दवाखाने किती कमी पडतात, हे सगळं त्यातच असतं. पुढल्या वीस वर्षांत मैदानं कमी पडणार असं अहवाल म्हणत असेल आणि नकाशात मैदानाचंच आरक्षण वगळलं असेल, तर त्यांच्याच आकड्यांवर तुमची हरकत उभी राहते.

मुदतीत कुणीच मिळालं नाही तरी हात बांधून बसू नका. सर्व्हे नंबर, नकाशावरचा रस्ता किंवा आरक्षण क्रमांक आणि तुमचं थोडक्यात म्हणणं लिहा, पर्यायी आखणी सुनावणीच्या वेळी सादर करू असं शेवटी नमूद करा, आणि अर्ज देऊन आवक क्रमांकासह पोच घ्या. ती आखणी समितीपुढे मिळालेल्या थोड्या मिनिटांत कशी मांडायची, ते पुढच्या आठवड्यात.