लहान घराची निवड : जोत्यावरचे की चाकांवरचे?

निवृत्तीचे वय समीप आलेल्या, उमेदीची सारी वर्षे शहरातील सदनिकेत घालविलेल्या आणि गावाकडे किंवा घाटमाथ्यावर जमिनीचा एखादा तुकडा जपून ठेवलेल्या कुटुंबापुढे हल्ली एक प्रश्न वारंवार उभा राहतो. घर लहानच असावे, हे त्याचे ठरलेले असते. कारण मोठ्या घराची झाडलोट, डागडुजी आणि राखण उतारवयात कोण करणार, हा विचार कुणाही विवेकी माणसाच्या मनात येतोच. अनिश्चित असते ते इतकेच, की हे लहान घर कारखान्यात तयार झालेल्या भिंती-छपरांचे, पक्क्या जोत्यावर जोडलेले ‘प्रीफॅब’ असावे, की अमेरिकेत नावारूपाला आलेले, चाकांच्या सांगाड्यावर उभे असणारे ‘टायनी होम’ असावे. जाहिरातींतून या दोन वस्तू सख्ख्या बहिणी भासल्या, तरी त्यांची प्रकृती मुळातच भिन्न आहे, आणि तो भेद ध्यानी न घेता केलेली निवड आयुष्याच्या पुंजीला भोवल्यावाचून राहत नाही.

प्रीफॅब घरांच्या बाबतीत ब्रिटनचा अनुभव सर्वांत बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने तेथील लक्षावधी कुटुंबे बेघर झाली, तेव्हा १९४४ साली पार्लमेंटने तात्पुरत्या निवाऱ्याविषयीचा कायदा संमत केला आणि पुढील चार-पाच वर्षांत सुमारे १,५६,००० छोट्या बंगल्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी ॲल्युमिनियमच्या बंगल्या विमाने बांधणाऱ्या कारखान्यांत तयार होत, चार तुकड्यांत ट्रकवरून येत आणि आधीच घालून ठेवलेल्या पायावर जोडल्या जात. सरकारी हिशेबात या साऱ्याच तात्पुरत्या घरांचे आयुष्य सुमारे दहा वर्षांचे धरले होते. परंतु लंडनमधील कॅटफर्ड भागातील एक्सकॅलिबर वसाहतीत अशा १८७ तात्पुरत्या बंगल्यांत माणसे साठ वर्षांहून अधिक काळ नांदली आणि २००९ साली त्यांतील सहा बंगल्यांना संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला. पाया पक्का असेल, भोवती स्वतःची बाग असेल आणि घरधन्याने वेळच्या वेळी डागडुजी केली असेल, तर कारखान्यातले घरही पिढ्यांना पुरते, एवढे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते.

याच्या उलट अनुभव आपल्या देशाने घेतला. फाळणीनंतर निर्वासितांच्या निवाऱ्याची निकड भासू लागली, तेव्हा केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक ओटो कोएनिग्सबर्गर यांच्या देखरेखीखाली दिल्लीत सच्छिद्र काँक्रीटच्या भिंती ओतणारा कारखाना काढण्यात आला. परंतु त्या भिंतींना तडे जाऊ लागले, योजना बारगळली आणि १९५१ साली कोएनिग्सबर्गर यांनी देश सोडला. कारखान्यातून निघालेली भिंत प्रवासात टिकली पाहिजे आणि जागेवर दुसऱ्या भिंतीशी तिचा सांधा बिनचूक बसला पाहिजे, ही प्रीफॅबची खरी कसोटी तेव्हाही होती आणि आजही आहे.

टायनी होमचा उगम निराळ्या भूमीतला आहे. अमेरिकेत गृहकर्जाच्या ओझ्याखाली वाकलेल्या आणि प्रशस्त घरांच्या हव्यासाला विटलेल्या काही लोकांनी लहान घराचा जाणीवपूर्वक स्वीकार केला. जे शेफर यांनी १९९९ साली आयोवा राज्यात बांधलेले सुमारे शंभर चौरस फुटांचे घर या चळवळीच्या आरंभी उभे आहे. ते घर चाकांवर उभारण्यामागे भटकंतीच्या हौसेपेक्षा कायद्याची अडचण अधिक होती, कारण इतके लहान घर जमिनीवर बांधण्यास स्थानिक नियम अनुमती देत नसत. पुढे तेथील २०१८ च्या आदर्श इमारत संहितेत ४०० चौरस फूट वा त्याहून लहान घरांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आले. पण त्याचा लाभ प्रामुख्याने पायावर बांधलेल्या घरांना होतो. चाकांवरचे घर तेथे बहुधा वाहनातच गणले जाते, आणि अनेक नगरांत अशा वाहनात कायमचे वास्तव्य करण्यास आजही मज्जाव आहे.

हे घर वाहन ठरले की त्याची मापे गृहिणीच्या सोयीने न ठरता रस्त्याच्या कायद्याने ठरतात. अमेरिकेत खास परवान्याशिवाय रस्त्यावरून न्यावयाची वस्तू साधारणपणे साडेआठ फुटांहून रुंद आणि बहुतेक राज्यांत साडेतेरा फुटांहून उंच असू शकत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी वजा जाता आत जेमतेम साडेसात फुटांची रुंदी उरते. चाके, सांगाडा आणि छप्पर यांची उंची वजा करून, खाली माणूस ताठ उभा राहील एवढी जागा सोडली, की वरच्या माळ्याला चारएक फूट मिळतात. अंथरूण बहुधा या माळ्यावर असते, तेथे जाण्यास शिडी असते आणि वर गेल्यावर कंबर वाकवूनच हालचाल करावी लागते. तिशीतल्या तरुणाला यात गंमत वाटेल. पण सत्तरीच्या आजीने मध्यरात्री, अर्धवट झोपेत, गुडघे धरून ती शिडी उतरायची आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणूनच तिच्या मुला-नातवंडांनी निर्णय घ्यावा.

आता महाराष्ट्राच्या मातीकडे वळू. येथे घराआधी जमिनीचे दस्तऐवज पाहावे लागतात : सातबाऱ्यावर नाव कुणाचे, जमीन शेतीची की बिनशेती झालेली, गावठाणात की गावठाणाबाहेर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४१ मध्ये शेतजमिनीवरील शेतघराविषयी अटी घातल्या आहेत. ‘प्रीफॅबला परवानगी लागत नाही’, असे विक्रेते सर्रास सांगतात. परंतु भिंत विटांची आहे की पत्र्याची, यावरून मंजुरीची गरज टळत नाही, आणि पुढेमागे नोटीस आली तर ती विक्रेत्याच्या पत्त्यावर न येता मालकाच्याच दारी येते. मात्र रीतसर मंजुरी घेऊन जोत्यावर बसविलेल्या प्रीफॅब घराची ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद होऊ शकते, त्यावर घरपट्टी लागते आणि ते स्थावर मिळकत म्हणून वारसांकडे जाते. चाकांवरच्या घराला हे स्थैर्य नाही. गृहकर्ज स्थावराच्या तारणावर मिळते, तेव्हा तोही मार्ग त्याला जवळजवळ बंदच असतो.

हवामानाचा कौलही विचारात घेतला पाहिजे. आजच्या प्रीफॅब घरांत बहुधा ‘पफ पॅनेल’ वापरतात, म्हणजे रंग चढविलेल्या दोन पोलादी पत्र्यांच्या मध्ये उष्णतारोधक फोम भरलेला असतो. ही पॅनेले साध्या टेम्पोतून येतात आणि कोकणातील जांभ्याच्या गडग्यांमधल्या अरुंद पाणंदीतूनही जागेवर पोहोचतात, जेथे वीस फुटांचे चाकांवरचे घर वळणावरच अडेल आणि तयार खोली उचलणारी क्रेनही शिरणार नाही. परंतु पॅनेल कितीही चांगले असले, तरी कोकणचा पाऊस सांध्यातून वाट काढतो आणि खारा वारा आधी स्क्रू खातो, मग पत्र्याची कापलेली कड. म्हणून कारखान्यातील नमुना घरात पाऊल टाकताच गालिचा आणि पडदे न पाहता, दोन पॅनेलांच्या सांध्यावर बोट फिरवावे, स्क्रूखाली रबरी वॉशर आहे की नाही ते पाहावे, आणि पागोळ्या भिंतीपासून हातभर दूर पडतील असे वेगळे उतरते छप्पर मिळेल का, हे विचारावे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने असंख्य घरांची छपरे उडविली. ज्या घराचे वजनच कमी, त्याला जोत्याशी जखडणारे बोल्ट हाच खरा आधार असतो. चाकांवर उंच उभे असलेले घर वादळाला त्याहूनही अधिक सोपे सापडते.

लहान जागेत संसार करणे मराठी माणसाला नवे नाही. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत कुटुंबांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या. ती निवड नव्हती, नाइलाज होता, हे विसरून त्या जीवनाचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल. पण चाळीने एक धडा निश्चित दिला. खोली लहान असली, की माणसाला दाराबाहेर हक्काची जागा लागते. दाराबाहेरच्या सामाईक जागेत अभ्यास होई, धान्य निवडले जाई, पाहुणा टेकत असे. तोच न्याय नव्या लहान घराला लावला, तर चारशे चौरस फुटांच्या घरापुढे शंभर-दीडशे चौरस फुटांची पडवी ही चैन नसून निकड ठरते. जोत्यावरच्या घराला ती आज ना उद्या जोडता येते, आणि कुटुंब वाढले तर एक खोलीही वाढविता येते. चाकांवरच्या घराची मापे मात्र पहिल्याच दिवशी कायमची ठरून जातात.

ज्याचे काम दर वर्षी नव्या ठिकाणी असते, जो एकटा किंवा दुकटा आहे आणि ज्याला आपले वाहन कायदेशीरपणे उभे करण्यास जागा निश्चित उपलब्ध आहे, त्याने टायनी होमचा अवश्य विचार करावा. त्याच्यासाठी ते उत्तम साधन आहे. परंतु ज्याची जमीन स्वतःची आहे आणि जो तेथेच राहणार आहे, त्याने चाकांची किंमत मोजून अडचण विकत घेण्यात अर्थ नाही. त्याने पक्क्या जोत्यावरचे आटोपशीर प्रीफॅब घर घ्यावे आणि टायनी होमकडून काही घ्यायचेच असेल, तर गरजेपुरत्याच वस्तू बाळगण्याची शिस्त तेवढी घ्यावी. इसारा देण्यापूर्वी सातबारा आणि मंजुरीची अट तहसील कचेरीत व ग्रामपंचायतीत स्वतः जाऊन तपासा, वाहतूक, जोते, जोडणी आणि सांध्यांची हमी करारात लेखी मागा, आणि त्याच विक्रेत्याने किमान तीन पावसाळ्यांपूर्वी उभे केलेले एखादे घर ऐन श्रावणात आतून पाहून या. ते घर कोरडे असेल, तरच सही करा.