प्रकाशाच्या वाटेचं आगाऊ आरक्षण

पोलंडमधल्या तोरुनजवळ ३२ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यासह युरोपभरच्या दुर्बिणी एकाच वेळी आकाशातल्या एकाच बिंदूवर रोखायच्या आणि त्यांचे संकेत नेदरलँड्समधल्या द्विंगेलोत जुळवायचे, की खंडाएवढ्या दुर्बिणीची नजर मिळते. पूर्वी हे संकेत टेपवर, पुढे डिस्कवर भरून पाठवत. आता निरीक्षण चालू असतानाच ते ऑप्टिकल फायबरमधून येऊ शकतात. सेकंदाला १ गिगाबिट वेगाने १२ तास, म्हणजे एकट्या एका दुर्बिणीचे ५.४ टेराबाइट!

निरीक्षणाची वेळ आधीच ठरलेली असते. मग त्या वेळेपुरती वाटही आधीच राखून ठेवावी. पण ती कुणा एकाच्या मालकीची नाही. आधी पोलंडचं पिओनिएर, मग युरोपचं जेआंत, शेवटी नेदरलँड्सचं सर्फ: तीन जाळी, तीन वेळापत्रकं. कार्यालय, आचारी आणि भटजी एकाच मुहूर्तावर मिळाले तरच लग्नाची तारीख पक्की होते, तशातलाच हा प्रकार.

यासाठी ओपन ग्रिड फोरमने एनएसआय नावाचा प्रोटोकॉल तयार केला. त्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे आरक्षणाच्या दोन पायऱ्या. मागणी आली की प्रत्येक जाळं आपलं वेळापत्रक तपासतं आणि जागा असेल तर ती तात्पुरती धरून ठेवतं. सगळ्यांचा होकार आला की मगच ‘पक्कं करा’ असा निरोप जातो. एकानेही नकार दिला तर बाकीच्यांनी धरलेली जागा सोडून द्यायची. आणि पुढचा निरोप आलाच नाही तर? ठरलेली मुदत उलटली की ती जागा आपोआप मोकळी होऊ शकते. अर्धवट आरक्षणांनी जाळी अडून राहत नाहीत. वरचा मालक कुणीच नसताना हे सगळं जमतं!

पक्कं झालं म्हणून वाट लगेच उघडत नाही. सुरुवातीची वेळ यावी लागते आणि ‘चालू करा’ असा वेगळा निरोपही लागतो. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून १५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या डझनावारी तरंगलांबी एकाच वेळी धावत असतात. त्यातली एखादी अख्खी, किंवा तिचा ठरलेला हिस्सा, तेवढ्या तासांपुरता त्या दुर्बिणीचा होतो.

या प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. तो दस्तऐवज सर्वांना खुला आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्यांनी त्यातल्या आरक्षणाच्या अवस्था दाखवणाऱ्या आकृत्या जरूर पाहाव्यात.