चोरीच्या मालाचे मूल्य आणि आरोपीचा बचाव

चोरीच्या अभियोगात मालाची किंमत हा वरवर गौण मुद्दा भासतो. परंतु ज्या कायद्यात चोरीची प्रतवारी किमतीवरून ठरते, तेथे किंमत हे गुन्ह्याचेच एक अंग होय. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी देहदंडास पात्र असे. म्हणून ज्यूरी पुष्कळदा मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवून आरोपीचे प्राण वाचवीत.

तेथे जे दयेने साधले, ते आज अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पुराव्याने साधावे लागते. ९५० डॉलरांहून अधिक मूल्याची चोरी तेथे 'ग्रँड थेफ्ट' ठरते. मूल्य म्हणजे चोरीच्या स्थळकाळी असलेला वाजवी बाजारभाव. मालकाने पूर्वी मोजलेली रक्कम नव्हे, की त्याची वस्तूवरील ममताही नव्हे. हे मूल्य निःसंशय सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो. वस्तूची झीज, जुनेपणा व तज्ज्ञाचे मूल्यांकन पुढे मांडून बचाव पक्षाने वाजवी संशय उत्पन्न केला, तरी आरोपी निर्दोष सुटत नाही. मात्र गुन्हा 'पेटी थेफ्ट' ठरतो आणि, पूर्वी शिक्षा झालेली नसल्यास, तीन वर्षांपर्यंत जाऊ शकणारी कैद सहा महिन्यांच्या मर्यादेत येते.

या बचावासही सीमा आहेत. दुकानातील नव्या मालाच्या बाबतीत विक्रीची किंमतच सामान्यतः प्रमाण मानली जाते. आणि २०१६ च्या सार्वमतानंतर बंदुकीच्या चोरीत किमतीचा वाद निष्फळ ठरतो. अन्यत्र मात्र मूल्य गृहीत धरता येत नाही. ते सिद्धच करावे लागते.