क्षयरोग : उपचार-यशाचे प्रमाण

ठराविक कालावधीत नोंदविलेल्या क्षयरोग्यांपैकी बरे झालेल्या व उपचार पूर्ण केलेल्या रुग्णांची शेकडेवारी म्हणजे उपचार-यशाचे प्रमाण होय. सार्वजनिक आरोग्यसेवेची कार्यक्षमता अजमावण्याचा तो एक प्रमुख निर्देशांक आहे. उरलेल्या रुग्णांची विभागणी उपचार अयशस्वी ठरलेले, मृत, पाठपुराव्यातून सुटलेले व मूल्यमापन न झालेले अशा गटांत करतात.

घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, असे मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात दिसून आले. भारतात राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. परंतु अनेक रुग्ण उपचार अर्धवट सोडीत. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने थुंकीत जंतू आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी ८५% बरे करण्याचे उद्दिष्ट ठरविले. भारताचा सुधारित कार्यक्रम १९९७ पासून विस्तारत जाऊन २००६ मध्ये देशभर पोहोचला. २०२० मध्ये त्यास राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम हे नाव देण्यात आले.

औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. काही आठवड्यांतच खोकला व ताप ओसरतात आणि रुग्ण कामावर परततो. नागपूरमधील कळमना येथे कृषी उत्पन्न बाजाराचे मोठे आवार आहे. संत्री, मिरची व धान्य यांच्या अशा घाऊक बाजारात हमालाचा रोज बुडाला, की घरखर्च अडतो. हंगाम संपताच मजूर गावी जातो. औषधे खंडित झाल्यास रोग उलटण्याचा व जंतू औषधांना प्रतिरोधी बनण्याचा धोका असतो. म्हणून नव्या ठिकाणी उपचार चालू ठेवण्याची सोय महत्त्वाची ठरते. २०१८ पासून रुग्णांना पोषणासाठी दरमहा ५०० रु. देण्यात येऊ लागले; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रु. झाली.

या निर्देशांकास मर्यादाही आहेत. समजा, १०० नोंदविलेल्या रुग्णांपैकी ८५ यशस्वी झाले, तर प्रमाण ८५% येते. परंतु निदान होऊनही आणखी २० जणांची नोंद झाली नसेल व त्यांना उपचार मिळाले नसतील, तर १२० जणांत हेच प्रमाण सु. ७१% भरते. निदानच न झालेले रुग्ण आणि उपचारानंतर रोग उलटलेले रुग्णही यात दिसत नाहीत. त्यामुळे रुग्णशोधाचे प्रमाण, मृत्युमान व पुनरुद्भव यांच्यासह हा निर्देशांक पाहिल्यासच कार्यक्रमाचे खरे मूल्यमापन होते.