तबकडीवरून उतरविलेलें चित्र बिघडतें कां?

कर्जत-खालापूरकडील पुष्कळ घरांत कपाटाच्या एखाद्या कप्प्यांत जुन्या तबकड्यांचा गठ्ठा पडलेला असतो. गेल्या शतकाच्या अखेरीस व ह्या शतकाच्या आरंभीं घरांत झालेलीं लग्नें, मुंजी व साठीशांती त्यांत सांठविलेल्या असतात. नव्या संगणकांना तबकडीचा खण बहुधा नसतो. म्हणून घरांतील तरुण मंडळी कोठून तरी यंत्र मिळवून त्या उतरवून घेतात व पेन ड्राईव्हवरून मोठ्या पडद्यावर लावतात. आणि मग निराशा होते! चेहरे पुसट, हललेल्या हाताला फणीसारखे दांते, मध्येंच चौकोनांचा खेळ, आवाज ओठांच्या मागें. “तबकडी खराब झाली, टाकून द्या,” असा निकाल लागतो. हा निकाल घाईचा आहे, असें आमचें मत आहे. जे आजोबा आज हयात नाहींत त्यांचा बोलता चेहरा त्या तबकडीखेरीज कदाचित् दुसरीकडे कोठेंच नसतो. म्हणून दोष तबकडींत आहे, नकलेंत आहे कीं दाखविणाऱ्या यंत्रांत आहे, हें आधीं ठरविलें पाहिजे.

प्रथम पुसटपणा घेऊं. व्हीसीडीवरील चित्र आपल्याकडील पद्धतींत ३५२ गुणिलें २८८ ठिपक्यांचें असतें. डीव्हीडीवरील ७२० गुणिलें ५७६. आजचा साधा मोठा पडदा १९२० गुणिलें १०८० ठिपक्यांचा असतो. म्हणजे व्हीसीडीच्या एका ठिपक्याला पडद्यावरील वीस ठिपके व्यापावे लागतात. हा तबकडीचा रोग नव्हे, तिची मूळची शक्तीच तेवढी आहे. चित्र लहान करून पाहावें व पडद्याची ‘शार्पनेस’ उतरवावी. नसलेला तपशील ती निर्माण करीत नाहीं, कडा मात्र खरखरीत करते.

दांत्यांचें कारण निराळें आहे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत चित्र एका दमांत घेतलें जात नसे. आधीं विषम रेषा व मग सम रेषा, अशीं सेकंदाला ५० अर्धीं चित्रें टिपलीं जात. काचेच्या नळीचा जुना संच तीं त्याच क्रमानें दाखवी. संगणक दोन अर्धीं चित्रें एकत्र जोडतो. तेवढ्या अवधींत नवरदेवाचा हात पुढें गेलेला असतो, म्हणून कडेला फणी दिसते. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्यें ‘डीइंटरलेस’ ही सोय चालू केली कीं दांते जातात. नक्कलच नव्यानें करावयाची असल्यास हँडब्रेकमधील ‘डीकॉम्ब’ वापरावें.

विकत घेतलेल्या सिनेमांची गोष्ट थोडी वेगळी. कर्जतच्या एन. डी. स्टुडिओंत ज्याचे भव्य देखावे उभे राहिले तो ‘जोधा अकबर’ (२००८) घ्या, कीं दुसरा कोणताहि चित्रपट घ्या. फिल्मवर सेकंदाला २४ चित्रें असतात. अमेरिकन पद्धतीच्या तबकडीवर सेकंदाला सुमारें ३० लागत असल्यानें कांहीं अर्धीं चित्रें दोनदां दाखविलीं जातात व कॅमेरा संथ फिरतांना हिसका जाणवतो. मात्र अशा तबकड्यांना बहुधा कुलूप असतें. हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप तोडणें हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं घातलेल्या कलम ६५ अ प्रमाणें गुन्हा आहे, हें विसरूं नये. घरच्या समारंभाच्या तबकड्यांना हा प्रश्न बहुधा येत नाहीं.

सर्व पडद्यावर चौकोन उठत असल्यास नक्कल करतांना चित्र पुन्हां दाबलें गेलें असें समजावें. डीव्हीडीवरील चित्र आधींच दाबलेलें असतें. जागा वांचविण्यासाठीं तें आणखी दाबणें म्हणजे गाळलेला चहा पुन्हां गाळण्यासारखें आहे. एकेरी थराची डीव्हीडी फार तर ४.७ जीबीची, ती जशीच्या तशी उतरवावी. मात्र जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीच्या पेन ड्राईव्हवर ४ जीबीहून मोठी फाईल मावत नाहीं; तो ‘एक्सफॅट’ पद्धतीनें सिद्ध करावा. त्यापूर्वीं त्यावरील मजकूर दुसरीकडे हलवावा, कारण ह्या क्रियेंत तो पुसला जातो.

चौकोन ठराविक जागींच येत असले व मूळ तबकडीहि तेथेंच अडखळत असली, तर मात्र दोष तबकडीचा. घरीं वा स्टुडिओंत लिहिलेल्या तबकडींत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन व उष्णता त्याला मारक. शिवाय आमच्या ह्या घाटाखालच्या मुलखांत चार महिने सर्वत्र ओल. तबकडीवर बुरशी धरते. मऊ सुती कापड किंचित् ओलें करून मध्यापासून कडेकडे सरळ पुसावें, गोल फिरवूं नये. नंतर दुसऱ्या यंत्रांत, मंद गतीनें वाचून पाहावी. ‘डीडीरेस्क्यू’ ही विनामूल्य प्रणाली आधीं चांगला भाग उचलते व मग खराब जागीं पुन्हां पुन्हां प्रयत्न करते. थोडें गेलें तरी बाकीचें हातीं लागतें.

आवाज आरंभापासून सारखाच मागें असेल तर प्लेअरमध्यें तो पुढें सरकवितां येतो. अंतर वाढत जात असेल तर वाचतांना तुकडे गळले असण्याचा संभव मोठा, म्हणून नक्कल नव्यानें करावी.

नक्कल नीट झाल्यावर तिच्या दोन प्रती ठेवाव्यात. एक घरीं व दुसरी पुण्यामुंबईच्या भावाकडे. आणि सर्वांत महत्त्वाचें काम यंत्राचें नव्हेच. घरांतील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून तें चित्र सावकाश दाखवावें व पंगतींत कोण कोण बसलें आहे तें लिहून घ्यावें. निर्दोष चित्रांतील माणसांचीं नांवें सांगणारें कोणी उरलें नाहीं, तर त्या दोषावर कोणतीच प्रणाली चालत नाहीं.